पहिला उन्हाळा बेळगावातच काढ

ताई, नमस्कार.

मी जांबोटी भागातली, तालुका खानापूर. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. आता बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री आणि बॉटनी घेऊन. पियुसीला, म्हणजे बारावीला, ७९ टक्के होते. पर्यावरणाचं धोरण सरकारात नेमकं कसं ठरतं ते मला आतून बघायचंय, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयात इंटर्नशिप करावी असं मनात आहे. ओळखीतला एकजण सांगतो की सहा हजार भरले तर 'मंत्रालयाचं' सर्टिफिकेट घरबसल्या मिळतं. बाबा म्हणतात, फुकट राबायला एवढ्या लांब कशाला जायचं, काजूच्या दिवसांत घरी हात हवेत. बेळगावातल्याच सरकारी ऑफिसात विचारावं म्हटलं, तर काका म्हणतात, तिथं सगळा कारभार कन्नडमध्ये, मराठी पोरीला कोण उभं करणार? आणि ज्यांनी आपली गावं त्या पश्चिम घाटाच्या यादीत घातली त्यांच्याकडे तू कामाला जाणार? मला कन्नड बोलता येतं, पण वाचताना अडखळते. काय करू?

तुमची एक वाचक, जांबोटी परिसर

प्रिय मुली,

ते सहा हजार कुणालाही देऊ नकोस. मंत्रालयाच्या इंटर्नशिपसाठी पैसे भरावे लागत नाहीत. घरबसल्या आलेला कागद पुढे कुठल्याही मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच उघडा पडतो: कुठल्या विभागात होतीस, कुणाच्या हाताखाली, काय काम केलंस? केंद्र सरकारच्या कार्यालयाचा ईमेल जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा संपतो. त्या माणसाला म्हण, मला अशा पत्त्यावरून मेल येऊ दे. विषय तिथंच मिटेल.

दिल्लीबद्दल आधी सरळ माहिती देते, म्हणजे मन मोकळं होईल. पर्यावरण मंत्रालय जोरबागेतल्या इंदिरा पर्यावरण भवनात आहे. त्यांची स्वतःची इंटर्नशिप योजना आहे आणि तिथं अर्ज करायला माझी हरकत नाही. नीती आयोगाचीही योजना आहे. तिचे अर्ज महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान ऑनलाइन भरतात, मुदत सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत असते, मानधन नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना तिथं बारावीला किमान ८५ टक्के लागतात, म्हणजे यंदा ते दार तुला बंद आहे. पदव्युत्तरच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र पदवीचे ७० टक्के बघतात, तेव्हा आत्ताची सेमिस्टरं सांभाळ. पीएम इंटर्नशिप म्हणून जी गाजते, ती वेगळीच आहे. ती मोठ्या कंपन्यांमधली आहे आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही, त्यामुळे तिच्या मागे वेळ घालवू नकोस. राहता राहिला खर्च. गोवा एक्स्प्रेस बेळगावातून थेट निजामुद्दीनला जाते, तिकिटाचं काही एवढं मोठं नाही. पण मानधन नसेल तर दिल्लीत दीड-दोन महिने राहणं-खाणं म्हणजे बाबांच्या काजूचे बरेच पैसे तिकडे जाणार. बाबांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्यांनी हिशोब बरोबर मांडलाय.

माझं मत असं: यंदाचा उन्हाळा बेळगावात, पुढचा बेंगळुरूला, आणि दिल्ली एम.एस्सी.ला गेल्यावर. खर्च हे त्याचं एक कारण झालं, मोठं कारण दुसरंच आहे. दिल्लीच्या टेबलावर जे तक्ते पोचतात ते जिल्ह्यात तयार होतात. नदीच्या पाण्याचा नमुना कुणी, कुठं, किती वाजता घेतला. कारखान्याच्या संमतीपत्रात कुठल्या अटी घातल्या. जनसुनावणीच्या इतिवृत्तात काय उतरलं आणि काय राहून गेलं, या सगळ्यावर वरचं धोरण उभं राहतं. ज्यानं हे आकडे तयार होताना पाहिलेले नाहीत, तो दिल्लीत बसून ते जसेच्या तसे खरे मानतो. तू आधी ते बघ.

बेळगावात कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे. मंडळाचं मुख्यालय बेंगळुरूत, चर्च स्ट्रीटवरच्या परिसर भवनात. १९७४ च्या पाणी कायद्यानं देशभर अशी राज्य मंडळं उभी राहिली. नद्यांवरच्या ठरलेल्या ठिकाणी पाणी तपासायचं आणि कारखान्यांना संमती द्यायची किंवा रोखायची, ही त्यांची रोजची कामं. तुझ्या तालुक्यातच कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत होती. त्या यादीत देशातले ३५१ पट्टे होते आणि त्यातले १७ कर्नाटकातले. खानापूरच्या पुलावरून बसनं जाताना तू जे पाणी रोज बघतेस, त्याची दिल्लीत झालेली नोंद ही.

आणि या कामाला उन्हाळ्यासारखे दिवस नाहीत. एप्रिल-मे मध्ये नदी डोहांपुरती उरते, धार मंदावते, गावाचं सांडपाणी पातळ करायला पाणीच नसतं. एक जोरदार वळीव पडला की काठावरचं सगळं धुऊन खाली येतं आणि आकडे एका रात्रीत बदलतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत तू प्रॅक्टिकलला केली असशील. नदीकाठी ती करताना बघ. बाटली तिरकी धरून, बुडबुडा न अडकवता पाण्याखालीच भरतात. मग काठावर उभं राहूनच तिच्यात मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइड घालतात, कारण लॅबपर्यंत नेईतो पाण्यातला प्राणवायू बदलून जाईल. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जो प्राणवायू खातात त्याचं माप; त्याची बाटली मात्र २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि बीओडी ३ च्या आत हवा, ही केंद्रीय मंडळाची 'ब' वर्गाची कसोटी. वर्गात हे पाठ केलेलं असतं, पण शेजारी कपडे धूत बसलेल्या बायका "काय गं पोरी, पाणी चांगलं हाय का?" म्हणून विचारतात, तेव्हा त्या ५ आणि ३ चा अर्थ त्यांना समजेल असा सांगता आला पाहिजे. धोरणाचं निम्मं काम तेच आहे असं मी मानते.

आता काकांचा प्रश्न. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यावर जरा थांबते.

यादी कुणी काढली ते आधी बघ. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची आहे. आधी २०११ मध्ये गाडगीळ समितीचा अहवाल आला, मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा. पहिला मसुदा २०१४ मध्ये निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ ला. त्यात एकूण ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी कर्नाटकातलं २०,६६८, आणि खानापूर तालुक्यातली गावंही त्यात आहेत. कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं २६ सप्टेंबर २०२४ ला तो मसुदा फेटाळला. म्हणजे काकांना ज्या यादीचा राग आहे ती तू जिथं जायचं म्हणतेस त्या दिल्लीच्या इमारतीतून निघाली. बेळगावच्या मंडळाच्या ऑफिसातून ती निघालेली नाही. हे काकांना शांतपणे सांग. वाद जिंकायला म्हणून सांगू नकोस. आपल्याकडे 'सरकार' एवढं म्हटलं की ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत सगळे एकाच माळेत ओवले जातात आणि मग हरकत कुठं नोंदवायची तेच कळत नाही. मसुदा निघाल्यावर हरकतींसाठी ६० दिवस असतात. त्या साठ दिवसांत किती गावांनी मसुदा वाचला असेल? त्यात खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प, लाल गटातले (सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे) उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरवरची बांधकामं यांवर बंदी आहे. शेतीवर बंदी नाही. पण पारावर बसून बोलणारे लोक शेती जाणार, घर बांधू देणार नाहीत, असंच ऐकत आलेत.

त्यांची भीती पोकळ आहे असं मात्र समजू नकोस. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं. आत गवाळी, आमगावसारखी गावं आहेत. पावसाळ्यात आजारी माणूस बाहेर काढताना तिथं काय हाल होतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. रस्ता मागितला की वनखात्याची परवानगी आडवी येते आणि पुनर्वसनाचं नाव निघालं की घरात दोन मतं होतात. म्हादई नदीचं तर विचारूच नको. देगावजवळ उगम, पाणीवाटप लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ चा, तिचं पाणी मलप्रभेत वळवणाऱ्या कळसा-भंडुरा योजनेसाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, आणि कणकुंबीच्या माणसाला अजून विचारावं लागतं की आमच्या नाल्याचं पुढं काय होणार. अशा ठिकाणची मुलगी खात्याच्या ऑफिसात बसली तर गावाला संशय येणारच.

म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवून टाक. ऑफिसात दिसलेल्या फायलीचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअपवर काही टाकायचं नाही, काकांनी विचारलं तरी नाही. ज्यांनी तुला विश्वासानं टेबल दिलं, त्यांचा विश्वास एकदा मोडला की तुझ्यामागून येणाऱ्या मराठी मुला-मुलींचं दार बंद होईल. आणि गावातल्यांना एखादी माहिती हवी असेल तर त्यांना माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दे. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तिच्यामुळे आपल्याकडचे अनेक अर्ज परत येतात. नेमका अर्ज कसा लिहायचा हे तू महिनाभर ऑफिसात बसल्यावर गावात कुणापेक्षाही चांगलं जाणशील. हा रस्ता कायद्याचा आहे, उघडा आहे आणि त्यात कुणाशी दगाबाजी होत नाही.

आता कन्नड. सीमाभागात हा विषय नुसता भाषेचा नाही, तीन पिढ्यांचं दुखणं आहे, आणि काकांच्या बोलण्यात ते येणं स्वाभाविक आहे. तरी तुला मोकळेपणानं सांगते: बेळगाव जिल्ह्यात ज्या माणसाला कन्नड फाईल वाचता येते, इंग्रजी कायदा समजतो आणि खानापूरच्या गावसभेत मराठीत उभं राहून बोलता येतं, असा माणूस या कामात फार कमी सापडतो. जनसुनावणीचंच बघ. मोठ्या प्रकल्पाआधी करायच्या पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. तिच्यानुसार सुनावणी राज्य मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना देतं, अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत ठेवतं, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. आपल्या भागात सारांश कन्नडमध्ये येतो, लोक उठून मराठीत बोलतात, आणि लिहून घेणारा त्याला जेवढं समजलं तेवढं लिहितो. "आमच्या विहिरीला गेल्या साली फेस आला होता" या वाक्याचं कागदावर "पाण्याबाबत तक्रार" एवढंच उरलं, तर त्या बाईचा मुद्दा वर कधी पोचणारच नाही. तिथं बसून लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. शेजारच्या निपाणी-चिकोडीकडे तर याहून गुंता: वेदगंगा, दूधगंगा कोल्हापूरकडून येतात, महाराष्ट्राचे पर्यावरणाचे खटले राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जातात आणि कर्नाटकाचे चेन्नईला. तिथली एखादी मुलगी हे वाचत असेल तर तिनं दोन्ही राज्यांच्या मंडळांची दारं ठोठावावीत.

तुझ्या वाचनाचं जे अडखळणं आहे, ते रोज कन्नड पेपरातली एक सरकारी जाहिरात मोठ्यानं वाचलीस तर उन्हाळ्यापर्यंत निम्मं जाईल. कॉलेजातल्या कुणा कन्नड मैत्रिणीला सोबत घे, तिला तू मराठी शिकव. आणि ऑफिसात गेल्यावर पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोल, मोडकंतोडकं असलं तरी. समोरचा अधिकारी बऱ्याचदा दावणगेरे नाहीतर तुमकुरूकडून बदलून आलेला असतो. त्याला जांबोटीची बोली समजत नाही, तो बिचारा तिथं तुझ्याइतकाच परका असतो.

आता अर्जाचं. सुट्टी लागल्यावर धावाधाव करू नकोस, जानेवारीतच सुरू कर. विभागप्रमुखांना भेटून कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घे, प्रिन्सिपॉलांची सही आणि शिक्का हवाच. सोबत बोनाफाईड, शेवटचं मार्क्स कार्ड, ओळखपत्र. पत्र पर्यावरण अधिकाऱ्यांच्या नावे असू दे. दोन प्रती ने, एक इनवर्डला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घे, नाहीतर पत्र कुठं गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. पंधरवड्यानं तो नंबर सांगून चौकशीला जा.

मी असे अर्ज बरेच वाचलेत. "मला पर्यावरणाची आवड आहे, मी मेहनती आहे" एवढंच लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की या मुलीला बसवायचं कुठं, द्यायचं काय. तू काम सुचवूनच जा. असं काहीसं:

"मी खानापूर तालुक्यातली बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. परीक्षा संपल्यापासून सहा आठवडे मी रोज कार्यालयात येऊ शकते. मलप्रभा नदीच्या आपल्या नियमित तपासणीच्या मागील तीन वर्षांच्या नोंदी एका तक्त्यात मांडून उन्हाळा आणि पावसाळा यांतला फरक दाखवण्याचं काम मला करायचं आहे. मला कन्नड बोलता येतं, मराठी आणि इंग्रजी लिहिता-वाचता येतं. नमुने घेताना पथकासोबत येण्याची परवानगी मिळाल्यास उपकृत होईन. मानधनाची अपेक्षा नाही."

हे इंग्रजीत नीट उतरवून घे, शक्य झालं तर खाली कन्नडमध्येही. शेवटचं वाक्य बाबांना खुपेल. त्यांना सांग की राहायला घर आहे, बसचा पास आहे, आणि रविवारी दिवसभर काजूला हात आहेत. सहा आठवड्यांत त्यांचा फार तोटा होणार नाही.

मंडळानं नाही म्हटलं तर? म्हणूही शकतं, त्यांच्याकडे माणसं कमी आणि कामं जास्त. तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीत जा. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या माहितीवर आधारलेली नोंदवही असायला हवी. हरित लवादानं ती पुरी करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती, त्यानंतर महिन्याला दहा लाखांचा दंड. दंडाच्या धाकानं देशभर वह्या भराभर भरल्या गेल्या. तुझ्या पंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) ती वही मागून बघ. ऐन, किंजळ, नाना, हिरडा या झाडांची आपल्याकडे चालणारी नावं त्यात आहेत का? कुठल्या देवराईचा उल्लेख आहे? मध काढणाऱ्या, शिकेकाई गोळा करणाऱ्या माणसांना कुणी विचारलं होतं का? बॉटनीच्या सरांचं मार्गदर्शन घेऊन तू ती वही गावोगाव फिरून तपासलीस आणि दुरुस्त्यांचा अहवाल समितीला दिलास, तर ते धोरणाचंच काम आहे. वनहक्काचे दावे जिथं अडकलेत तिथंही अशा नोंदींचा आधार घेता येतो. खरं सांगू, मंडळानं हो म्हटलं तरी कधीतरी ही वही बघच.

बेंगळुरूसाठी नाव लिहून ठेव: एम्प्री, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापन आणि धोरण संशोधन संस्था. कर्नाटक सरकारची, २००२ मध्ये स्थापन झालेली. राज्याच्या हवामान बदल कृती आराखड्याचं काम तिथं होतं. तिथल्या माणसांसमोर तिसऱ्या वर्षाला मलप्रभेचा स्वतः केलेला तक्ता घेऊन गेलीस, तर बोलायला विषय असेल.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्याबद्दल आपल्या लोकांच्या मनात काय आहे ते मी जाणते आणि तुला तिथं जा असं सांगणार नाही. पण त्या दिवसांत आमदारांनी पर्यावरण आणि वनखात्याला विचारलेले प्रश्न आणि त्यांची लेखी उत्तरं छापून येतात, ती मिळवून वाच. आपल्या जिल्ह्याचे आकडे एरवी इतक्या सहज हाताला लागत नाहीत.

इंटर्नशिप झाली की अहवालाची एक प्रत ऑफिसला दे. अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दोन पानांचा मराठी सारांश पंचायतीलाही दे, काकांना स्वतः वाचून दाखव. आणि जानेवारीत कॉलेजचं पत्र मिळायला अडचण आली तर मला लगेच कळव, प्रिन्सिपॉलांना द्यायच्या विनंतीअर्जाचा मसुदा मी पाठवते.

तुझी,
ताई